‘विद्याग्रामा’चा आराखडा : एक परीक्षण

विद्यासंकुलाचा आराखडा म्हणजे केवळ इमारतींची मांडणी नव्हे. विद्या कोणी, कोणापासून व कशी घ्यावी याविषयीचे ते एक विधान असते. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठ हे याचे ठळक उदाहरण होय. टॉमस जेफरसनने ते ‘विद्याग्राम’ म्हणून कल्पिले व १८१७ मध्ये त्याच्या बांधकामास आरंभ झाला.

विस्तीर्ण हिरवळीच्या दोन्ही बाजूंस पाच-पाच अशी प्राध्यापकांची दहा घरे. खाली वर्ग, वर निवास. त्यांच्या दरम्यान विद्यार्थ्यांच्या खोल्या व सर्वांस जोडणारी स्तंभयुक्त पडवी. शिरोभागी प्रार्थनामंदिर नसून घुमटाकार ग्रंथालय होते. दक्षिण दिशा मोकळी ठेवलेली होती. अध्ययन सहवासातून घडते व ग्रंथ हे त्याचे केंद्र होय, हा विचार येथे शब्दांवाचून व्यक्त झाला आहे.

१८९५ च्या आगीनंतर स्टॅनफर्ड व्हाइटने दक्षिणेस नव्या इमारती उभारून ती मोकळी दिशा बंद केली. जागेची गरज खरी होती; तथापि मूळ विधानाचा त्यामुळे भंग झाला, हा आक्षेप रास्त आहे.

परंतु या आराखड्याच्या प्रशस्तीतील खरी उणीव निराळीच आहे. ‘ग्राम’ म्हटले की त्यात श्रमिकही आलेच. येथे मात्र बांधकामावर राबलेले व पुढे घराघरांतील चुली पेटविणारे गुलाम तळघरांत व परसांत, हिरवळीच्या दृष्टीआड राहिले. त्यांचे स्मारक पुरे व्हावयास २०२० साल उजाडावे लागले. तेव्हा आराखड्याने काय दाखविले याबरोबरच काय झाकले, हेही पाहणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.