'राउटर ऑफलाइन' म्हणजे नक्की काय? एका पेपरची चिकित्सा

मागच्या पावसाळ्यात धाराशिवला घरी असताना नेट गेलं. घरात लाईट होती, राउटर चालू होता, फक्त लाल दिवा लागलेला. फोन केला तर उत्तर आलं, "तुमचा राउटर ऑफलाइन दिसतोय, बंद करून चालू करा." गल्लीतल्या चौघांना हेच उत्तर. संध्याकाळी कळलं, की ऑपरेटरची पेटी दुसऱ्या फीडरवर आहे आणि तिथली लाईट गेली होती. म्हणजे दोष एकीकडे आणि नोंद ग्राहकाच्या नावावर.

याच प्रश्नावर पीएचडीला येणाऱ्यांनी एक पेपर जरूर वाचावा: श्रीकांत सुंदरेसन, निक फीमस्टर आणि रेनाता तेशेरा यांचा 2016 चा 'होम नेटवर्क ऑर अ‍ॅक्सेस लिंक?'. नेट हळू चालतं तेव्हा अडचण घरातल्या वायफायची की कंपनीच्या लाइनची, हे ते राउटरवरूनच ओळखतात.

युक्ती छान आहे. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागली की काट्यापलीकडे ट्रॅक्टर एकसारख्या अंतराने बाहेर पडतात. तसंच लाइन अरुंद असेल तर पॅकेट राउटरपर्यंत समान अंतराने येतात. वायफाय अरुंद असेल तर रांग राउटरच्या पुढे लागते आणि राउटर ते मोबाइल हा वेळ वाढतो. अमेरिकेतल्या 2,652 घरांत त्यांनी हे तपासलं. निष्कर्ष असा, की अडचण जास्त वेळा वायफायची असते. वेग 20 एमबीपीएसच्या वर असेल तर लाइनची क्वचितच.

आता चिकित्सा. पेपरमध्ये खाने दोनच: घर किंवा लाइन. त्यांचा प्रश्न वेगाचा होता, त्यामुळे त्यांची चूक म्हणता येणार नाही. चूक आपली होते, जेव्हा आपण तेच दोन खाने उचलून इथे लावतो. आपल्याकडे तिसरा खाना लागतो, विजेचा. आणि माळवदाच्या जाड भिंतींच्या घरात वायफायचा आकडाही तिथल्यासारखा येईल, हे गृहीत धरू नका.

दुसरा मुद्दा डेटाचा. तुम्ही म्हणाल, कंपनीकडे सगळ्या राउटरची माहिती असतेच की! असते. 2004 मध्ये डीएसएल फोरमने टीआर-069 हे मानक काढलं. त्यानुसार राउटर ठरावीक वेळाने कंपनीच्या सर्व्हरला हजेरी देतो. सर्व्हर त्याची सेटिंग बदलतो, फर्मवेअर टाकतो, रीस्टार्ट करतो. पण हजेरी आली नाही तर? लाईट गेली, फायबर तुटली, कुणी पिन काढली, राउटर जळाला: सर्व्हरला चारही वेळा फक्त शांतता दिसते.

फायबरच्या घरातल्या डब्यात यावर एक सोय असते. वीज जाताना तो उरलेल्या चार्जवर 'डाइंग गॅस्प' हा शेवटचा निरोप पाठवतो. पण तो जातो ऑपरेटरकडच्या यंत्राला, हजेरीच्या सर्व्हरला नाही. आणि ऑपरेटरचीच लाईट गेली असेल तर तो ऐकणार कोण?

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. ज्या घरात इन्व्हर्टर आहे, त्याची हजेरी जास्त लागते. तुम्ही 'डेटा नाही' म्हणून बाकीच्या ओळी काढून टाकल्या, तर इन्व्हर्टरवाल्यांचा जिल्हा उरतो. तुमची सरासरी चांगली येईल आणि चुकीची असेल.

मग करायचं काय? हजेरीची नोंद, डाइंग गॅस्प आणि फीडर बंद असण्याच्या वेळा, तिन्ही जोडा. गायब ओळींची आधी मोजणी करा, मगच त्या काढायच्या की नाही ते ठरवा. आणि परवानगी घ्या. कंपनीची परवानगी पुरेशी नाही, घराचीही लागते; कारण राउटरच्या यादीत घरात कोणकोणते मोबाइल जोडलेत हेसुद्धा दिसतं. ही व्यवस्था नाजूकही आहे: नोव्हेंबर 2016 मध्ये जर्मनीत याच देखभालीच्या पोर्टवर हल्ला झाला आणि डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे 9 लाख ग्राहकांचं नेट बिघडलं.

पेपर वाचताना शेवटचं पान झालं की पुन्हा तक्त्यांकडे या आणि विचारा: माझ्या गल्लीतलं घर यातल्या कोणत्या खान्यात बसेल? कुठेच बसत नसेल, तर तुमचा विषय बहुतेक तिथेच आहे.