शिक्षण सप्ताह आणि एक विसरलेली चाचणी

अमेरिकेत दरवर्षी नोव्हेंबरात सार्वजनिक शाळांचा 'अमेरिकन एज्युकेशन वीक' साजरा होतो. पहिला सप्ताह ४ ते १० डिसेंबर १९२१ या काळात झाला. तो सुरू करण्यात शिक्षकांची राष्ट्रीय संघटना आणि 'अमेरिकन लीजन' ही माजी सैनिकांची संघटना पुढे होत्या. शाळांच्या सप्ताहात सैनिक कसे आले?

पहिल्या महायुद्धातील सैन्यभरतीत सुमारे २५ टक्के जवान निरक्षर आढळले होते. सप्ताहाची हकीकत सांगताना हा आकडा हमखास येतो. तो कसा मिळाला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आमचा आक्षेप इथेच आहे.

१९२० च्या जनगणनेत दहा वर्षांवरील निरक्षरांचे प्रमाण अवघे ६ टक्के होते. मग तरुण जवानांत ते चौपट कसे? जनगणनेत 'लिहिता-वाचता येते का?' असे विचारून उत्तर नोंदवत. सैन्याची कसोटी वेगळी होती: वर्तमानपत्र वाचून समजते का आणि घरी पत्र लिहिता येते का? हा निकषही सर्व छावण्यांत सारखा नव्हता. म्हणजे २५ हा आकडाही काटेकोर नव्हे. पण 'येते' म्हणणे आणि प्रत्यक्ष येणे यांतले अंतर त्याने उघड केले.

सप्ताहामुळे पालकांना शाळेचे दार उघडले, हे चांगलेच झाले. पण ज्या चाचणीतून तो जन्मला, ती मागे पडली आणि समारंभ उरला.

आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? जनगणनेच्या व्याख्येत 'समजून' हा शब्द आहे, पण प्रगणक वाचून घेत नाही. घरच्यांनी सांगितलेलेच नोंदवतो. २००५ पासूनच्या 'असर' पाहणीत मुलांसमोर प्रत्यक्ष उतारा ठेवला जातो, तेव्हा कितीतरी मोठ्या वर्गांतील मुले दुसरीचा उतारा वाचताना अडखळतात.

येत्या ८ सप्टेंबरला, साक्षरता दिनी, भाषणांआधी एवढे करून पाहू या. प्रत्येक मुलाला त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील चार ओळी एकेकट्याने वाचायला द्याव्यात आणि त्यांचा अर्थ स्वतःच्या शब्दांत विचारावा. नावे फळ्यावर लिहू नयेत. नोंद आपल्यापुरती ठेवावी. पुढच्या वर्षी पुन्हा मोजावे. आकड्यात फरक पडला, तर साजरे करायला खरे कारण मिळेल.