पडद्यावरचा हेर आणि गिरणगावचा प्रेक्षक

हेरपटात राजकारण असावे की नसावे, हा वादच मला फोल वाटतो. कारण ज्या कथेत राज्यसंस्था आपले डोळे आणि कान एका नायकाच्या स्वाधीन करते, ती कथा राजकारणापासून अलिप्त राहणे संभवतच नाही. विचारावयाचे ते एवढेच, की पाळत ठेवणारा आणि जिच्यावर पाळत आहे ती माणसे, यांपैकी कोणाच्या शेजारी दिग्दर्शकाने आपला कॅमेरा मांडला आहे.

गिरगावच्या चाळीत वाढलेल्या जितेंद्राचा 'फर्ज' (1967) या कसोटीस लावण्यात अर्थ नाही; तेथे गाण्यांचाच बंदोबस्त चोख होता. 'राझी'ने (2018) मात्र 1971 च्या युद्धाच्या छायेत शत्रूच्या घरातील माणसांना माणूसपण दिले, आणि हेरगिरीची किंमत हेरासच मोजावयास लावली. हे धैर्य दुर्मीळ आहे.

मराठीत हेरपटाचे स्वतंत्र कुळ रुजले नाही. ती उणीव ऐतिहासिक चित्रपटाने भरून काढली. दिग्पाल लांजेकर यांचा 'फत्तेशिकस्त' (2019) हा 5 एप्रिल 1663 च्या रात्री लाल महालात शायिस्तेखानावर पडलेल्या छाप्याची कथा सांगतो. आणि त्यातील शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांची वेषांतरे, खबरांची देवघेव, मसलती, हा सारा ऐवज हेरपटाचाच आहे. हरीश दुधाडे यांनी बहिर्जी समरसून उभा केला आहे, यात शंका नाही. परंतु चित्रपटाची जाहिरात 'पहिला सर्जिकल स्ट्राइक' अशी झाली, तेव्हा 2016 च्या लष्करी कारवाईचे तेज सतराव्या शतकास उसने देण्यात आले, आणि मोगल सुभेदार व आजचा शत्रू यांतील अंतर प्रेक्षकाच्या मनात नकळत पुसले गेले. इतिहासावर हा अन्याय आहे. सभासदाच्या बखरीत सुरतेच्या प्रसंगी येणारा बहिर्जी हा जासूद लोकपरंपरेने रामोशी मानला. त्याच रामोशांवर पुढे इंग्रजी अंमलाने संशयाची नजर रोखली आणि 1832 साली त्यांचे पुढारी उमाजी नाईक यांना पुण्यात फासावर चढविले. राज्याचे डोळे झालेली जमात राज्याच्याच पाळतीखाली यावी, हे नाट्य मात्र पडद्यास अद्याप सुचलेले नाही.

मुंबईच्या गिरणगावातील, म्हणजे चिंचपोकळी, लालबाग, परळ या टापूतील प्रेक्षकास ही उणीव विशेष जाणवावयास हवी. भारतमाता चित्रपटगृहात एकेकाळी गिरणीची पाळी संपवून येणाऱ्यांच्या वडीलधाऱ्यांनी हेर पाहिला तो सभेच्या कडेला वही घेऊन बसलेला. गिरणी कामगारांच्या 1928 च्या प्रदीर्घ संपानंतर, 20 मार्च 1929 रोजी कामगार पुढारी डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे यांच्यासह, स्वतः गिरणीत राबलेले अर्जुन आत्माराम आळवेही पकडले गेले, आणि मीरत कटाच्या खटल्यात पुरावा म्हणून मांडली गेली ती अडवलेली पत्रे, आणि सरकारी लेखनिकांनी टिपून घेतलेली कामगार मैदानांवरील भाषणे. जानेवारी 1933 मध्ये निकाल लागेपर्यंत या माणसांच्या आयुष्याची जवळजवळ चार वर्षे त्या दप्तरात अडकून पडली. आजचा हेरपट या दप्तराकडे पाठ फिरवितो, कारण त्यातील हेरास नायक करता येत नाही आणि आरोपीस खलनायक करणे अवघड जाते.

तेव्हा ज्या मराठी दिग्दर्शकास हेरपट काढावयाचा आहे, त्याने परदेशी विमानतळांचा खर्च वाचवावा आणि मीरतच्या खटल्याचे कागद एकदा वाचावेत. कथानक तेथे आयते आहे.