बैठकीतला मित्र : व्यक्तिचित्राविषयी एक टिपण

व्यक्तिचित्र या वाङ्मयप्रकाराविषयी मराठी समीक्षेत रूढ असलेली परिभाषा बहुतांशी चित्रकलेकडून आलेली आहे. रेखाटन, छायाप्रकाश, हुबेहूबपणा हे शब्द आपण सहज वापरतो. मात्र या उसनवारीत चित्र तेवढे हाती आले. ते काढण्याची प्रक्रिया मागेच राहिली. चित्रकाराला माणूस समोर बसवावा लागतो. तो अवघडतो, कंटाळतो, मध्येच उठून चित्र पाहतो आणि आपले मत देतो. चित्रकार ज्याला 'सिटिंग' म्हणतात ती ही बैठक शब्दचित्रात कोठे असते, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही.

प्रस्तुत लेखकापुढे तो आला एका वर्गात. शिरूर आणि दौंड परिसरातून येणाऱ्या एम. ए.च्या विद्यार्थ्यांना मित्राचे व्यक्तिचित्र लिहिण्याचा स्वाध्याय दिला होता. दौंडच्या एका विद्यार्थिनीने रेल्वे वसाहतीतल्या, वडिलांच्या बदलीनंतर दुरावलेल्या मैत्रिणीवर लिहिले. लेख उत्तम उतरला. शिरूरच्या विद्यार्थ्याने शिक्षण सोडून रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला लागलेल्या मित्रावर लिहिले आणि ते त्यालाच वाचून दाखवले. मित्र म्हणाला, "समदं खरं हाय. पर ह्यात तू कुठंयस?" या मित्राच्या पैशांतून लेखकाची परीक्षा फी भरली गेली होती, ही गोष्ट पहिल्या खर्ड्यात नव्हती. दुसऱ्या खर्ड्यात ती आली, आणि लेखाची घडी विसकटली. निवेदकाचा सुरेख तटस्थपणा गेला. मी पहिल्या खर्ड्याला अधिक गुण दिले. आज ते चुकीचे वाटते.

कारण मराठीतील व्यक्तिचित्रांचा मोठा भाग मृत्युलेख आणि गौरवग्रंथ यांच्या निमित्ताने सिद्ध झाला आहे. पहिल्यात चित्रविषय बोलू शकत नाही. दुसऱ्यात त्याने बोलणे शिष्टसंमत नसते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) या संग्रहाचे यश निर्विवाद आहे. हाती पेन्सिल धरणाऱ्या लेखकाची नजर तेथे पानोपानी जाणवते. तरीही ती माणसे लेखकाकडे उलटून कशी पाहत असतील, हे त्या संहितेत अभावानेच येते. मैत्रीचे चित्र या ठिकाणी वेगळे पडते. मित्र हा केवळ पाहिला जाणारा नसतो, त्याच्यापाशीही लेखकाचे एक चित्र असते. ते वगळून साधलेला हुबेहूबपणा निरीक्षकाचा म्हणावा लागेल, मित्राचा नव्हे.

या दृष्टीने जी. ए. कुलकर्णी यांचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करणारा, सभासमारंभ कटाक्षाने टाळणारा आणि स्वतः चित्रे काढणारा हा लेखक कोणापुढे सहजी बसणारा नव्हता. चित्रकार सुभाष अवचट यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'जी. ए. : एक पोर्ट्रेट' असे आहे. शब्दांचे माध्यम पत्करतानाही चित्रकाराने आपल्या व्यवसायातली संज्ञा सोडलेली नाही, आणि तिच्यामागचे 'एक' हे विशेषण दुसऱ्या चित्रांना जागा ठेवते. (आपल्याकडील चरित्रकार हे विशेषण क्वचितच वापरतात!)

जी. एं.ची खरी बैठक मात्र पत्रांत घडली. त्यांच्या निवडक पत्रांचा पहिला खंड सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे. सुनीताबाईंची पत्रे 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात आहेत. येथे बसणारा आणि रेखाटणारा या भूमिका प्रत्येक पत्रागणिक पालटतात. पत्र लिहिणारा समोरच्याच्या विशिष्ट नजरेसाठी स्वतःला मांडतो, आणि तसे करताना त्या नजरेचेही रेखाटन करून जातो. कोणतेही एक पत्र व्यक्तिचित्र नाही. पण मागच्या पत्राला दिलेल्या उत्तरात, नाकारलेल्या विशेषणात ते घडत राहते. दोन्ही बाजू वेगवेगळ्या पुस्तकांत गेल्यामुळे आपली समीक्षाही त्यांच्याविषयी बहुधा वेगवेगळेच बोलते: एकीकडे कथाकाराच्या आत्मप्रकटीकरणाविषयी, दुसरीकडे सुनीताबाईंच्या गद्यशैलीविषयी. दोन्ही पुस्तके शेजारी उघडून, तारखा जुळवत, उत्तरापाशी प्रश्न ठेवून केलेले वाचन हा एखाद्या पीएच. डी.च्या प्रबंधाचा विषय आहे.