धोका ‘दुप्पट’, पण कोणाच्या तुलनेत?

पेपर हातात आला की तुम्ही आधी काय वाचता? मी पूर्वी सरळ तक्त्यावर जायचे. ‘पीसोलार’ या सोरायसिस रुग्णांच्या रजिस्ट्रीवरचा, २०१५ साली ‘जामा डर्मटॉलॉजी’त आलेला पेपर मी तसाच वाचला आणि फसले.

तक्ता मोहात पाडणारा आहेच. ११,४६६ रुग्ण. दर १०० रुग्ण-वर्षांमागे गंभीर संसर्ग: उस्टेकिनुमॅब ०.८३, इटानरसेप्ट १.४७, अडालिमुमॅब १.९७, इन्फ्लिक्सिमॅब २.४९. (१०० रुग्ण-वर्षं म्हणजे १०० जण एकेक वर्ष, किंवा ५० जण दोन-दोन वर्षं.) झाली की क्रमवारी! पण हे कच्चे दर आहेत. औषधं चिठ्ठ्या टाकून वाटली नव्हती, डॉक्टरांनी रुग्ण बघून दिली होती. आजार जास्त, सांधेही दुखतायत, अशा रुग्णाला जोरदार औषध मिळतं. आणि संसर्गाचा धोका त्याला मुळातच जास्त असू शकतो.

लेखकांना हे ठाऊक होतं. त्यांनी रुग्णांमधले फरक हिशोबात घेऊन पुन्हा तुलना केली. तरीही अडालिमुमॅबवर धोका साधारण दुप्पट निघाला, इन्फ्लिक्सिमॅबवर अडीचपट. उस्टेकिनुमॅब आणि इटानरसेप्टवर वाढ दिसली नाही.

आता ब्रिटन-आयर्लंडच्या ‘बॅडबर’ रजिस्ट्रीचा २०१८चा पेपर उघडा. तिथे अडालिमुमॅबवर लक्षणीय वाढ नाही! मग खोटं कोण?

कोणीच नाही. तुलनेचा गट बघा. पीसोलारमध्ये तुलना आहे मेथोट्रेक्सेटही नाही आणि बायोलॉजिकही नाही, अशा रुग्णांशी. बॅडबरमध्ये ती आहे मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन यांसारखी पोटातून घ्यायची जुनी औषधं घेणाऱ्यांशी. एक पेपर विचारतो, ‘ही औषधं न घेण्यापेक्षा धोका किती?’ दुसरा विचारतो, ‘जुन्या औषधाऐवजी हे दिलं तर?’ दवाखान्यात डॉक्टरांसमोर बहुतेक वेळा दुसराच प्रश्न असतो.

पीसोलारला पैसा यान्सेनचा, म्हणजे उस्टेकिनुमॅबच्या कंपनीचा. हे लक्षात ठेवायलाच हवं. पण तेवढ्यावर पेपर निकालात काढू नका; सगळ्यात वाईट आकडा आलेलं इन्फ्लिक्सिमॅबही तिचंच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ‘दुप्पट’ हा शब्द एकटाच बाहेर पडतो. कच्च्या दरांत १.०५ आणि १.९७ यांतला फरक म्हणजे १०० जणांत वर्षाला साधारण एक जास्तीचा संसर्ग. ‘दुप्पट’ ऐकून कुणी चालू इंजेक्शन बंद करेल. ‘शंभरात एक’ ऐकून तोच माणूस डॉक्टरांशी बोलेल.

आणि आपला रुग्ण? या पेपरांत मुख्यतः न्यूमोनिया, त्वचेखालचा संसर्ग असं सगळं एका टोपलीत आहे. आपल्याकडे मोठी भीती सुप्त क्षयाची. इन्फ्लिक्सिमॅबनंतरच्या क्षयाच्या ७० केसेस २००१ साली नोंदल्या गेल्या. निम्म्याहून जास्त फुप्फुसाबाहेरच्या होत्या. म्हणूनच ही औषधं सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. क्षय कमी असलेल्या देशातला एकत्रित दर उचलून मुंबईच्या ओपीडीत लावता येत नाही.

तर पुढचा पेपर वाचताना तक्त्याआधी समासात एक ओळ लिहा: कोणाची तुलना, कोणाशी? ती लिहिता आली नाही, तर आकडे वाचायची घाई करू नका.