स्थानपोथी आणि रिठी : रिद्धपूर परिसरातील उजाड गावांच्या शोधाविषयी काही विचार

वऱ्हाडच्या महसुली दप्तरात अनेक मौज्यांच्या नावापुढे ‘रिठी’ किंवा ‘उजाड’ असा शेरा मारलेला आढळतो. अशा मौज्याला शिवार असते, शिवेचे दगड असतात, सर्व्हे नंबर असतात. नसते ते केवळ गाव. तेथील वावरे शेजारच्या गावचे लोक वाहतात आणि सायंकाळी आपापल्या घरी परततात. मराठवाड्यात याच अर्थी ‘बेचिराग’ हा शब्द रूढ होता. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराग. पुढे मराठी कानाला त्यात ‘राख’ ऐकू आली व शब्द ‘बेचिराख’ झाला. दिवे एकेक करून विझले हा मूळ अर्थ मागे पडून गाव जाळून भस्म केले हा नवा अर्थ त्यास चिकटला. ध्वनिसाम्यातून घडलेला हा फेरफार भाषाभ्यासकांस गमतीचा वाटेल. परंतु उजाड गावांच्या आपल्या इतिहासलेखनातही हीच चूक झाली आहे, असे आमचे मत आहे. गाव ओसाड दिसले की आपण आक्रमण, दरोडा किंवा पटकी शोधू लागतो. आणि जुन्या ग्रंथात एखादे ग्रामनाम आले की त्यासारखे ऐकू येणारे आजचे गाव शोधू लागतो. या दोन्ही सवयींचा विचार रिद्धपूर व त्याभोवतीचा मुलूख डोळ्यांपुढे ठेवून येथे करावयाचा आहे.

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे श्रीगोविंदप्रभूंचे निवासस्थान. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीचक्रधरांच्या उत्तरापंथे गमनानंतर नागदेवादी शिष्य येथे एकत्र आले, येथेच म्हाइंभटाने लीळाचरित्राची सिद्धता केली, आणि महदंबेचे धवळेही येथलेच. ही माहिती आपल्या विद्यार्थ्यांस पाठ असते. महानुभाव वाङ्मयात स्थळांची नोंद किती काटेकोर आहे, याकडे मात्र त्यांचे लक्ष क्वचितच वेधले जाते. या दृष्टीने सर्वांत मोलाचा ग्रंथ म्हणजे चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’. श्रीचक्रधर कोठे उतरले, कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूस बसले, त्या देवळाचे तोंड कोणीकडे, जगतीचे दार कोठे, पटिसाळ कोठे, गाव कोणत्या दिशेस आणि नदी कोणत्या दिशेस, एवढेच ती सांगते. तीत कथा नाही, उपदेश नाही, अलंकार तर नाहीतच. म्हणूनच वाङ्मयाच्या इतिहासकारांनी तिची बोळवण बहुधा दोन ओळींत केली. व्याकरणाच्या अभ्यासकांनी तिच्यातील रूपे वेचली. भाविकांनी ती यात्रेची वाट म्हणून वापरली. डॉ. वि. भि. कोलते यांनी ती संपादून आपल्या हाती दिली, हे त्यांचे मोठे ऋण होय. पण एखाद्या मोजणीदाराची वही वाचावी तशी ती वाचण्याची सवय आपण लावून घेतली नाही.

ही उपेक्षा अंशतः इतिहासानेच घडविली. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळा, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत उतरविले आणि पंथाबाहेर ते शतकानुशतके कोणास वाचता आले नाहीत. वि. का. राजवाडे यांनी १९१० च्या सुमारास या लिपीचा उलगडा केला. तत्पूर्वी १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि १८६० च्या दशकात तेथे जमीनमोजणीचे काम सुरू झाले. त्या मोजणीदारांनी ओसाड मौजे नावासकट नकाशावर उतरविले. पण या मुलखाचे मध्ययुगीन वर्णन ज्या पोथ्यांत होते त्या त्यांच्यापासून काही कोसांवर, मठातील बासनांत बंद होत्या. पोथी व नकाशा अशी एकाच भूमीविषयीची ही दोन साधने परस्परांस अनोळखी राहिली. पोथी उघडली तेव्हा ती भाषेच्या व वाङ्मयाच्या अभ्यासकांकडे गेली. नकाशा महसूल कचेरीतच राहिला.

आता नामसाम्याविषयी. ग्रामनाम टिकले म्हणजे गाव जागेवर टिकले असे आपण गृहीत धरतो. काही ठिकाणी ते खरेही ठरते. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटातील चर्मांक म्हणजे अचलपूरजवळचे चमक. पट तेथेच सापडला, नावही टिकले, तेव्हा शंकेस जागा नाही. परंतु त्याच राजाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट पाहावा. तो रिद्धपूर येथे मिळाला म्हणून रिद्धपूरचा ताम्रपट म्हणून प्रसिद्ध आहे; त्यातील दान मात्र अश्वत्थनगर नावाच्या गावातील आहे. पट सापडला एका ठिकाणी आणि भूमी दुसऱ्या ठिकाणी. दानपत्र घेऊन कुळे हलतात, कारण पत्र हा हक्काचा पुरावा असतो. भूमी हलत नाही. उलट प्रकारही घडतो. लीळाचरित्रात पुनःपुन्हा येणारे गोदातीरीचे डोमेग्राम म्हणजे आजचे कमालपूर असे मानले जाते. तेथे वस्ती आहे, स्थाने आहेत, यात्रा भरते. जुने नाव मात्र पोथीतच उरले. केवळ नावाच्या मागे जाणाऱ्याला डोमेग्राम उजाड झाले असेच म्हणावे लागेल.

खुद्द रिद्धपुराच्या नावात एक मजेदार सापळा आहे. इंग्रजी लेखनात ते ‘रिठपूर’ असे उमटले आणि ताम्रपटांच्या संदर्भात तेच रूप पुष्कळ काळ चालले. उद्या एखाद्या उत्साही अभ्यासकाने रिठ म्हणजे ओसाड गाव, म्हणून रिठपूर म्हणजे ओसाड गावावर वसलेले पूर, अशी व्युत्पत्ती मांडली तर ती ऐकावयास फार सयुक्तिक वाटेल. महानुभाव ग्रंथांतील ‘ऋद्धिपूर’ हे रूप आपल्यापुढे नसते, तर तिचे खंडन करणेही कठीण गेले असते.

मग पोथीचा उपयोग कसा करावा? आमच्या मते नावापेक्षा दिशा अधिक विश्वसनीय आहे. श्रीचक्रधर व त्यांचे भक्तजन बहुधा गावाबाहेरच्या देवळात उतरत. ही देवळे दगडी, आणि गावातील घरे मातीची. गाव उठले की मातीची घरे दोन-चार पावसाळ्यांत बसतात. देऊळ पडले तरी त्याचे स्तंभ, उंबरठा, जोते यांपैकी काहीतरी शिल्लक राहते. पोथी जेव्हा सांगते की देऊळ गावाच्या ईशान्येस आहे, तेव्हा ती आपल्याला हेही सांगत असते की गाव देवळाच्या नैर्ऋत्येस आहे. म्हणजे देवळाचे अवशेष ओळखता आले, तर उठलेल्या वस्तीचा शोध कोणत्या बाजूस घ्यावयाचा हे ठरते. तेथे पांढर मिळाली तर पोथीला साक्ष मिळाली. न मिळाली तर एकतर देऊळ दुसरे आहे किंवा गाव नंतर सरकलेले आहे. यात चूक उघडी पडण्याची सोय आहे. नामसाम्यात ती नाही, कारण पुरेसा खटाटोप केल्यास कोणतेही नाव कोणत्याही नावाशी जुळते.

पांढर म्हणजे काय हे वऱ्हाडच्या वाचकास सांगण्याचे कारण नाही. इतरांसाठी दोन शब्द. वाहितीची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, असा हा जुना भेद आहे. चुलीची राख, गुरांचे शेण, कोसळलेल्या भिंतींची माती यांच्या थरांनी वस्तीची जागा उंचावते व तिचा रंग फिकट होतो. काळ्याभोर रानात असा पांढुरका उंचवटा, त्यावर विखुरलेली खापरे, जात्याची फुटकी तळी, एखादी गाळाने भरलेली विहीर, पलीकडे चिंचेचे जुने झाड आणि पूर्वी वेशीजवळ असलेला, आता मात्र रानात एकटा पडलेला मारुती, असे रिठीचे रूप असते. पांधणींकडेही पाहावे. चार दिशांनी आलेल्या पांधणी जेथे काहीही नाही अशा जागी मिळतात, तेव्हा तेथे पूर्वी काहीतरी होते हे निश्चित. कधी वावराच्या नावातच गढी वा जुनी पांढरी असा उल्लेख उरलेला असतो. इंग्लंडमधील उजाड गावे कुरणाच्या गवताखाली घरांच्या व रस्त्यांच्या रेषांनी ओळखू येतात. आपल्याकडे नांगर सर्वत्र फिरतो, म्हणून रेषा पुसल्या जातात आणि रंग राहतो.

परंतु रंगावरूनही घाई करू नये. पांढर वस्तीचा पुरावा देते, काळाचा नाही. याच जिल्ह्यात वर्धेकाठी कौंडिण्यपूर येथे डॉ. मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात वस्तीचे थर सातवाहनांच्याही मागे गेले. मध्ययुगाचे थर अशा टेकाडांत सर्वांत वर असतात, त्यामुळे त्यांची सर्वाधिक नासधूस होते. आणि खोदणाऱ्याचे मन खालच्या, अधिक प्राचीन थरांकडे धावत असल्याने त्यांची नोंदही त्रोटक होते, हा आमचा आक्षेप आहे. यादवकालीन राजे, मंत्री आणि मंदिरे यांविषयी आपण विपुल लिहितो. त्याच काळातील वऱ्हाडी कुणब्याचे घर किती खणांचे होते, हे सांगण्यासाठी आपणांस पोथीतील पटिसाळीचाच आधार घ्यावा लागतो.

कारणांच्या बाबतीत परदेशातील एक उदाहरण बोधप्रद आहे. इंग्लंडमधील उजाड गावांचा दोष लोकसमजुतीने १३४८-४९ च्या महामारीवर टाकला होता. मॉरिस बेरेस्फर्ड यांनी १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात करांच्या याद्या व जमिनीवरील खुणा शेजारी ठेवून दाखविले की पुष्कळशी गावे त्यानंतर शतकभराने, शेतीच्या जागी मेंढ्यांची कुरणे झाल्यामुळे उठली. यॉर्कशरमधील व्हॅरम पर्सी येथील संशोधन १९५० पासून चाळीस वर्षे चालले. आपल्याकडे मेंढ्यांचा प्रश्न नव्हता, पण पद्धतीचा धडा तोच आहे. १३९६ पासूनचा दुर्गादेवीचा दुष्काळ, १६३०-३२ चा दुष्काळ, १८०३ ची अडगाव-गाविलगडची लढाई आणि त्या सुमाराची टंचाई ही सर्व खरी संकटे होत. परंतु एखादे विशिष्ट गाव यांपैकी कशाने उठले, हे प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे दाखविले पाहिजे. विहिरीचे पाणी आटणे, ओढ्याने काठ खाणे, दुहेरी वसुली, पाटीलकीचा तंटा, जवळच नवी पेठ वसणे, यांनीही गावे विझतात. अशा गावाची दंतकथा होत नाही, म्हणून ते आपल्या दृष्टीस पडत नाही.

पोथीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जेथे ईश्वरावताराचा पाय लागला तेवढेच गाव तिच्यात येते. वाटेवरील इतर दहा गावे तिच्या लेखी नाहीत. तेव्हा पोथीत नाही म्हणून गाव नव्हते, असा तर्क चालणार नाही. लीळाचरित्राची मूळ प्रत चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत नष्ट झाली व ते स्मरणाने पुन्हा सिद्ध झाले, असे पंथाची परंपरा सांगते. स्थळांचे वर्णन इतक्या बारकाईने लिहून ठेवण्याची निकड त्यानंतरच्या पिढीस का भासली, याचे एक उत्तर येथे मिळते; पण स्मरणाने रचलेल्या आधारावर स्थाने बेतलेली आहेत, हेही त्याबरोबर ध्यानात ठेवावे लागते. स्थानावर बांधलेल्या ओट्यांविषयीही असेच. ओटा हा श्रद्धेच्या सातत्याचा उत्तम पुरावा आहे. त्याचे बांधकाम पुष्कळदा अलीकडचे असते, म्हणून तेराव्या शतकातील भिंत नेमकी तेथेच होती, असे त्यावरून म्हणता येणार नाही.

म्हणूनच या पद्धतीची पहिली कसोटी एखाद्या रिठीवर न लावता रिद्धपुरावरच लावावी, असे आम्ही सुचवितो. येथे वस्ती तुटलेली नाही, राजमठादी स्थानांची पूजा अखंड चालू आहे, आणि गोविंदप्रभुचरित्र व ऋद्धिपूरवर्णन हे दोन ग्रंथ स्थानपोथीच्या जोडीस आहेत. गोविंदप्रभूंच्या लीळांत देवळे आहेत, आळ्या आहेत. त्यांतील एका लीळेत त्यांनी मातंगांसाठी विहिरीची जागा दाखविली. पोथीने सांगितलेल्या दिशा येथे जमिनीवर कितपत उतरतात, कोठे चुकतात व किती चुकतात, हे एकदा मोजले की मगच काटसुऱ्यापासून पुढे ज्या स्थानांभोवती गाव उरलेले नाही, तेथे ते माप घेऊन जाता येईल. रिद्धपुरास आता मराठी भाषा विद्यापीठही आले आहे; पोथी वाचणारे आणि नकाशा वाचणारे विद्यार्थी एका वाटेने चालू शकतील अशी जागा यापरती दुसरी नाही.

या कामास मुदत आहे. पांढरीची माती खत म्हणून उत्तम, हे शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पूर्वी ती बैलगाडीने जाई, आता यंत्राने उकरून नेली जाते, आणि बैलगाडीस जे शतक लागले असते ते यंत्र एका उन्हाळ्यात उरकते. शिवाय याच मोर्शी तालुक्यात सिंभोरा येथे वर्धेवर अप्पर वर्धा धरण झाले व नदीकाठची गावे आपली नावे घेऊन नव्या जागी गेली. ज्यांनी ते स्थलांतर पाहिले, अशी माणसे अद्याप हयात आहेत. गाव उठताना देव कोणता नेला, कोणता तेथेच ठेवला, वाडीचे नाव कोणी टिकविले आणि कोणाचे बुडाले, हे त्यांना विचारता येते. स्थानपोथीच्या कर्त्यानेही जाणत्यांना विचारूनच लिहिले असणार.