मिलिगन, अँडी

मिलिगन, अँडी : (१२ फेब्रुवारी १९२९–३ जून १९९१). अमेरिकन नाट्य व चित्रपट दिग्दर्शक. जन्म मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथे. काही काळ नौदलात काढून तो न्यूयॉर्कमध्ये आला. कपडे शिवण्याचा व्यवसाय सांभाळून त्याने १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘कॅफे चिनो’ या ग्रिनिच व्हिलेजमधील छोट्या कॉफीगृहाच्या रंगमंचावर नाटके बसविली. ‘ऑफ-ऑफ-ब्रॉडवे’ ही प्रायोगिक नाट्यचळवळ तेथेच आकारास येत होती.

व्हेपर्स (१९६५) हा त्याचा पहिला महत्त्वाचा लघुपट. होप स्टॅन्सबरी हिने लिहिलेल्या या कृष्णधवल चित्रपटात समलिंगी पुरुषांच्या एका स्नानगृहात दोन अपरिचितांची भेट होते आणि त्यांच्या संभाषणातून एकाकीपणाचे दर्शन घडते. समलिंगी संबंधांचे इतके संयत चित्रण त्या काळी दुर्मिळ होते.

यानंतर मिलिगन ‘एक्सप्लॉइटेशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, लैंगिकता व हिंसा यांचे भांडवल करणाऱ्या स्वस्त चित्रपटांकडे वळला. न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरील चित्रपटगृहे ही त्यांची मुख्य बाजारपेठ होती, तर विल्यम मिश्किन हा त्याचा प्रमुख निर्माता-वितरक. लेखन, छायाचित्रण, संकलन आणि वेशभूषा ही कामे मिलिगन बहुधा स्वतःच करी. तो वापरीत असलेल्या १६ मिमी. ऑरिकॉन कॅमेऱ्यात ध्वनी चित्रफितीवरच मुद्रित होई. मात्र चित्र व त्याचा ध्वनी यांत काही चौकटींचे अंतर राही. त्यामुळे फीत कापताच संवाद तुटत. त्याच्या चित्रपटांतील ओबडधोबडपणाचे एक कारण या साधनातच आहे. तथापि विस्कळीत कथानके व भडक अभिनय यांची जबाबदारी त्याचीच होय.

द घास्टली वन्स (१९६८) मध्ये वारसाहक्कासाठी एकत्र आलेल्या तीन बहिणी व त्यांचे पती यांच्यावर मृत्यूचे सावट येते, तर सीड्स (१९६८) मध्ये व्यसनी मातेच्या घरी नाताळासाठी जमलेले कुटुंब परस्परांचा छळ करते. कुटुंब हे द्वेषाचे उगमस्थान, हे सूत्र त्याच्या चित्रपटांत वारंवार येते. त्यातील रक्तपात कृत्रिम वाटतो. परंतु भांडणांतील विखार मात्र खरा वाटतो. नाट्यदिग्दर्शक म्हणून त्याने कमावलेली शक्ती येथेच दिसते.

त्याच्या कृतींना व्यापारी हस्तक्षेपाचाही उपद्रव झाला. सीड्समध्ये वितरकाने लैंगिक दृश्ये घुसडली. विलर्ड (१९७१) या उंदरांवरील चित्रपटाच्या यशानंतर मिलिगनच्या लांडगा-मानवावरील चित्रपटात उंदरांची दृश्ये वाढविण्यात आली व त्याला द रॅट्स आर कमिंग! द वेअरवुल्व्ह्ज आर हिअर! (१९७२) असे नाव देण्यात आले. फ्लेशपॉट ऑन फॉर्टीसेकंड स्ट्रीट (१९७३) हा त्याचा सर्वांत परिपक्व चित्रपट. वेश्याव्यवसाय करणारी एक तरुणी व तिचा स्त्रीवेषधारी समलिंगी मित्र यांचे जीवन त्यात निर्दयपणे, पण अवहेलना न करता चित्रित झाले आहे. कॅफे चिनोचा नट नील फ्लॅनगन याची त्यातील भूमिका विशेष उल्लेखनीय आहे. पुढे कॅलिफोर्नियात त्याने केलेले चित्रपट दुय्यम दर्जाचे आहेत. एड्सने तो लॉस अँजेल्स येथे मरण पावला.

त्याचे कित्येक चित्रपट कोणी जतन न केल्याने नाहीसे झाले. जिमी मक्डोनो याने लिहिलेल्या चरित्रामुळे (२००१) त्याच्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. द घास्टली वन्स ब्रिटनमध्ये १९८० नंतरच्या दशकात आक्षेपार्ह चित्रफितींच्या यादीत होता. त्याच देशात ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने त्याचा लंडनमध्ये चित्रित झालेला, दीर्घकाळ अनुपलब्ध असलेला नाइटबर्ड्स (१९७०) हा चित्रपट २०१२ मध्ये प्रकाशित केला. मिलिगनला उपेक्षित प्रतिभावंत ठरविणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि बाजारासाठी घाईने केलेल्या कामातही एखाद्या कलावंताची स्वतंत्र जीवनदृष्टी टिकून राहू शकते, याची साक्ष त्याचे उरलेले चित्रपट देतात. आणि अशा कृती सुस्थितीत राहिल्या तरच त्यांचे न्याय्य मूल्यमापन शक्य होते.